रकाना क्रमांक सतरा

अर्जात एकूण बावीस रकाने होते. त्यातला सतरावा असा : ‘पूर्वीच्या नोंदवहीतील पान क्रमांक’.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो आणि एका सरकारी खात्याचा कारभार कागदावरून संगणकावर आणायचं कंत्राट आमच्या कंपनीला मिळालं होतं. माझ्या वाट्याला अर्ज आले होते. छापील अर्ज समोर ठेवायचा आणि जसाच्या तसा पडद्यावर उतरवायचा, एवढंच काम. ‘जसाच्या तसा’ हे शब्द करारातच होते, त्यामुळे डोकं चालवायचा प्रश्न नव्हता. सतराव्या रकान्यापुढेही मी लाल चांदणी लावून टाकली. म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. कागदावर निदान तो कोरा सोडता यायचा, खिडकीमागचा माणूस कानाडोळा करायचा. यंत्राला कानाडोळा करता येत नाही. ही सुधारणा मी केली.

काही महिन्यांनी आलेले अर्ज चाळत बसलो, तर सतराव्या रकान्यात नाना प्रकार सापडले. कुणी शून्य टाकलेलं, कुणी नुसती रेघ. कुणी ‘लागू नाही’. एकाने सरळ ‘१७’ लिहिलं होतं, रकाना सतरावा म्हणून सतरा. आणि एका अर्जात होतं, ‘साहेब, कुठली वही?’

हा प्रश्न मला विचारला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला खात्यात नव्या संचालक आल्या. पहिल्याच आढावा बैठकीत आमच्या साहेबांनी रंगीत तक्ते तयार ठेवले होते. मॅडमनी ते बाजूला ठेवायला सांगितले, स्वतःचा फोन काढला आणि सगळ्यांसमोर अर्ज भरायला घेतला. सोळा रकाने गेले. सतराव्यावर थांबल्या.

“इथे काय लिहू?”

कुणी बोलेना. शेवटी आमचे साहेब म्हणाले, “मॅडम, शून्य टाका.”

“का?”

“चालतं.”

मागच्या रांगेतून अव्वल कारकून उठून उभे राहिले. ती वही बंद होऊन जमाना झाला, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी कधीतरी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता, त्याच्या उत्तरादाखल हा रकाना वाढवला गेला. आक्षेप मिटला, वही बंद झाली, रकाना राहिला.

“मग आता हा रकाना वाचतं कोण?”

“वाचत कोणी नाही, मॅडम. पण भरलेला लागतो.”

तो रकाना काढायला आठ महिने लागले. फाईल लेखा शाखेत गेली, तिथून विधी शाखेत, परत लेखा शाखेत. प्रत्येक टेबलावर एकच शेरा, शब्द तेवढे निराळे : काढायला हरकत नाही, पण उद्या कुणी विचारलं तर? शेवटी मॅडमनी स्वतःच्या हाताने टिपणी लिहिली. या रकान्यातल्या माहितीचा कोणत्याही शाखेत उपयोग होत नाही, तो वगळावा, पुढे अडचण आल्यास जबाबदारी माझी राहील. खाली सही आणि तारीख. माझ्या बाजूला काम उरलं ते एक ओळ खोडायचं. तीही मी दोनदा तपासून खोडली, उगाच.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. सरकारी कारभारात नवं तंत्रज्ञान आणणाऱ्या माणसांविषयी कुठेही वाचलं की त्यांनी काय आणलं याकडे माझं फारसं लक्ष जात नाही. ते बातमीत असतंच, बहुतेक वेळा मथळ्यातच असतं. मी शोधतो ते त्यांनी काय खोडलं, आणि खोडताना खाली सही कुणाची होती.

जपानचे तारो कोनो यांचं उदाहरण या खोडीमुळेच माझ्या लक्षात राहिलं. ऑगस्ट २०२२मध्ये हे डिजिटल खात्याचे मंत्री झाले आणि महिना संपायच्या आत त्यांनी फ्लॉपी डिस्कविरुद्ध, म्हणजे संगणकातली माहिती साठवायच्या जुन्या चकतीविरुद्ध, युद्ध पुकारलं. जग हसलं. बुलेट ट्रेनच्या देशात फ्लॉपी! पण गंमत फ्लॉपीत नव्हतीच. जपानच्याच सोनी कंपनीने २०११मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं होतं. वस्तू बाजारातून गेली, तरी नियमांमध्ये तिचं नाव छापलेलं होतं. अमुक माहिती अमुक माध्यमावर सादर करावी, असं लिहिणारे नियम हजाराच्या वर होते. एखाद्या अधिकाऱ्याला ईमेलने माहिती घ्यायची इच्छा असली तरी नियम आडवा यायचा, आणि नियम मोडायला कुठला अधिकारी तयार होणार? कोनोंच्या खात्याने असे नियम शोधून एकेक करून बदलले. जून २०२४च्या अखेरीस १,०३४ नियम रद्द झाल्याचं जाहीर झालं, एकच मागे राहिला होता. म्हणजे जवळपास दोन वर्षं. त्यात नवं यंत्र एकही नाही, नुसती खाडाखोड. त्याआधी त्यांनी कागदोपत्री लागणाऱ्या शिक्क्यांच्या मागे असाच ससेमिरा लावला होता.

या माणसाला प्रसिद्धीची हौस आहे असं म्हणतात, ‘युद्ध’ वगैरे शब्द त्यातलेच. असेना. नियमांच्या पुस्तकातली ओळ खोडण्यासारख्या रटाळ कामाला जर कुणी जगाच्या बातम्यांत नेऊन बसवत असेल, तर तेवढा डामडौल मी माफ करून टाकतो.

या माळेतलं माझं सगळ्यात आवडतं माणूस मात्र जुनं आहे. ग्रेस हॉपर. गणिताच्या प्राध्यापक होत्या, दुसऱ्या महायुद्धात १९४३मध्ये अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि त्यांची नेमणूक झाली ती हार्वर्डमधल्या मार्क वन या संगणकावर. यंत्राला आकड्यांच्या भाषेत आज्ञा द्यायच्या, हा तेव्हाचा शिरस्ता. हॉपरबाईंचं म्हणणं, साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता आल्या पाहिजेत. तसं होणं शक्य नाही असं त्यांना ऐकवण्यात आलं. त्यांनी ते करून दाखवलं, आणि त्यांच्या त्या कामाच्या पायावर पुढे कोबोल ही भाषा उभी राहिली.

कोबोलची गोष्ट तंत्रज्ञानाची म्हणून सांगितली जाते. मला ती कारभाराची वाटते. १९५९मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात एक बैठक बोलावली गेली. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी असायची, त्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेला हिशेब दुसऱ्या यंत्रावर चालत नसे. सगळ्यांची मिळून एक भाषा असावी असं ठरलं. ठरणं वेगळं आणि होणं वेगळं, हे काय सांगायला हवं! ते झालं याचं एक मोठं कारण म्हणजे संरक्षण खात्याने थोड्याच काळात सांगून टाकलं की ज्या यंत्रावर कोबोल चालत नाही असं यंत्र आम्ही घेणार नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक असं म्हणाल्यावर कंपन्या सुतासारख्या सरळ आल्या. खरेदी शाखेच्या हातात काय ताकद असते हे ओळखणारा माणूस योग्य जागी असला की असं होतं. पुढे वेगवेगळ्या यंत्रांवरचा कोबोल खरोखर एकसारखा आहे की नाही हे तपासण्याच्या चाचण्या नौदलात हॉपरबाईंच्या देखरेखीखाली बसवल्या गेल्या. त्या कामासाठी नौदलाने त्यांना निवृत्तीनंतर परत बोलावून घेतलं होतं. १९८६मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या.

त्यांच्या खोलीत एक घड्याळ होतं. त्याचे काटे उलटे फिरायचे. वेळ बरोबर दाखवायचं, फक्त उलट्या बाजूने. ‘आम्ही पहिल्यापासून असंच करतो’ हे वाक्य त्यांना सहन होत नसे, आणि हे घड्याळ म्हणजे त्या वाक्याला दिलेलं भिंतीवरचं उत्तर होतं. घड्याळ उजवीकडेच का फिरावं? पहिल्यापासून फिरतं म्हणून.

आता या गोष्टीचं पुढचं पान. एप्रिल २०२०मध्ये, साथीच्या दिवसांत, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर आवाहन केलं की आम्हाला कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवे आहेत. नोकऱ्या गेलेल्या माणसांची रीघ लागली होती आणि बेकारी भत्ता देणारी यंत्रणा चाळीसहून अधिक वर्षं जुनी होती. एका काळी जी भाषा सरकारी कारभारातली सगळ्यात धाडसी नवी गोष्ट होती, तीच आता तळघरातलं जुनं सामान झाली होती. अमेरिकेचं केंद्र सरकार माहिती तंत्रज्ञानावर वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त खर्च करतं आणि त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास खर्च आहे ते चालू ठेवण्यात जातो, हा त्यांच्याच लेखापरीक्षकांचा हिशेब आहे. आहे ते म्हणजे कुणीतरी कधीतरी मोठ्या उमेदीने आणलेलं नवं.

हॉपरबाईंना याचं वाईट वाटलं असतं का? मला नाही वाटत. त्यांनी बहुधा विचारलं असतं की इतकी वर्षं ते बदलायला कुणी कसं उठलं नाही.

मोडलेली यंत्रणा सावरायला गेलेल्या माणसांच्या गोष्टीत मला दुसराच भाग आवडतो : खोलीत कोण बोलतं. १ ऑक्टोबर २०१३ला अमेरिकेत आरोग्य विमा घेण्यासाठीचं सरकारी संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झालं आणि त्याच दिवशी कोसळलं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण होऊ शकली ती सहा जणांची. देशाच्या अध्यक्षांनी ज्या कामावर आपली पत लावली होती, त्याची ही गत. ते सावरायला जी मंडळी गेली त्यांत गूगलमध्ये काम केलेले मायकी डिकरसन होते. डझनावारी कंत्राटदार, प्रत्येकाचा तुकडा वेगळा, आणि संकेतस्थळ या क्षणाला चालू आहे की बंद हे सगळ्यांना एका जागी दाखवणारा फलकच नव्हता. तो आधी बनवला गेला. मग रोजच्या बैठका सुरू झाल्या आणि त्या बैठकांचे नियम भिंतीवर लागले. त्यातला एक नियम असा की बोलायचं ते ज्याला त्या विषयातलं सगळ्यात जास्त कळतं त्याने, ज्याचा हुद्दा सगळ्यात मोठा आहे त्याने नव्हे. दुसरा असा की ही खोली प्रश्न सोडवायला आहे, एकमेकांवर ढकलायला बाहेर भरपूर जागा आहेत.

हे वाचलं तेव्हा मला आमचे अव्वल कारकून आठवले. सतराव्या रकान्याचं उत्तर त्या दिवशीही खोलीतच होतं, फक्त मागच्या रांगेत होतं. त्याआधीच्या सगळ्या बैठकांना ते हजर असायचे. हजेरीपटावर सही करायचे, बसायचे, उठून जायचे. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

ब्रिटनचं काय, असं या विषयातला कुणीही विचारेल, कारण तिथल्या प्रयोगाची सगळ्या जगाने नक्कल केली. इंटरनेट उद्योजक मार्था लेन फॉक्स यांनी २०१०मध्ये सरकारला एक अहवाल दिला, त्याचा मथितार्थ असा की डागडुजी पुरे, मुळापासून बदला. मंत्री फ्रान्सिस मॉड यांनी तो उचलून धरला, माइक ब्रॅकन यांच्या हाताखाली एक नवी तुकडी उभी राहिली, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये गव्ह डॉट यूके आलं. खात्याखात्यांच्या शेकडो वेगवेगळ्या संकेतस्थळांच्या जागी हळूहळू एकच. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, मंत्र्यांचे फोटो दर्शनी पानावर नाहीत. पुढच्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातली सर्वोत्तम रचना ठरवलं, स्पर्धेत उत्तुंग इमारती असताना! या मंडळींच्या कामाच्या तत्त्वांमध्ये ‘कमी करा’ असं चक्क लिहिलेलं होतं. मॉड यांचं योगदान मात्र कमी बोललं जातं. मोठ्या तंत्रज्ञान-खर्चाला आधी आपल्या कार्यालयाची मंजुरी लागेल, अशी पाचर त्यांनी मारून ठेवली होती. तुकडीतल्या तरुणांचे फोटो छापून आले, पण खातेप्रमुखांना नाही म्हणायचा अधिकार ही पाचर देत होती.

इथवर लिहिलेलं वाचून असं वाटेल की खोडलं, कमी केलं, की झालं. तसं नाही, आणि त्यासाठी कॅनडातली गोष्ट सांगायला हवी. ती मला या सगळ्यातली सगळ्यात शिकवणारी वाटते आणि वाचताना दर वेळी पोटात गोळा येतो.

कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्या सुमारे २,९०,००० कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी फीनिक्स नावाची नवी यंत्रणा बनवायला घेतली. जुनी यंत्रणा खरोखरच म्हातारी झाली होती, तेव्हा बदलायचा निर्णय चूक नव्हता. सरकारी पगार म्हणजे काय प्रकरण असतं हे त्यातून गेलेल्यालाच कळतं. शंभरावर वेगवेगळे वेतनकरार, आणि सगळे मिळून ८०,०००हून अधिक वेतननियम. पाळीचा भत्ता, बदली कामाचा भत्ता, मागच्या तारखेपासूनची वाढ, वाटेत रजेवर गेलेला माणूस. हे सगळं यंत्रात बसवायला किती खर्च येईल ते कंत्राटदार कंपनीने २०१२मध्ये सांगितलं : २७४ दशलक्ष डॉलर. मंजूर रक्कम होती १५५ दशलक्ष. प्रकल्प चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. वर जाऊन सांगायचं की एवढ्यात हे होणार नाही, किंवा काम छाटायचं. त्यांनी काम छाटलं. पगार काढायच्या कितीतरी प्रक्रिया यंत्रातून वगळल्या किंवा पुढे ढकलल्या. नियोजित चाचणी प्रयोग रद्द केला. आणि ज्या सुमारे बाराशे पगार सल्लागारांच्या डोक्यात ते ८०,००० नियम होते, त्यांची पदं आधीच मोडीत काढली. त्यांच्या जागी मिरामिची या गावात एक नवं केंद्र, निम्म्याहून कमी माणसं, त्यातली बरीच नवखी.

फेब्रुवारी २०१६मध्ये फीनिक्स सुरू झालं. कुणाला पगारच मिळेना, कुणाला दुप्पट मिळाला आणि मग वसुलीची पत्रं आली. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८च्या अहवालात या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटलं. पण त्याहून मला झोंबली ती त्यांनी पुढे केलेली चिकित्सा. सरकारी सेवेत आज्ञाधारकपणाची अशी संस्कृती तयार झाली आहे की चुकांची, धोक्याची बातमी वर जातच नाही.

म्हणजे बघा, खाडाखोड इथेही झाली. आमच्या मॅडमनीही खोडलं आणि यांनीही खोडलं. मॅडमनी नियम खोडला. यांनी नियम सगळे तसेच ठेवले आणि ते सांभाळणारी माणसं खोडली. ८०,००० नियमांपैकी निम्मे जरी आधी संघटनांशी बसून गाळता आले असते, तर यंत्रही स्वस्तात झालं असतं. पण ते काम वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींचं. त्याची फीत कापता येत नाही. पदं कमी केल्याचा आकडा तेवढा अंदाजपत्रकात लगेच दिसतो.

ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ प्रकरणाबद्दल इथे लांबवत नाही. तिथे वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून यंत्राने गोरगरिबांना जादा सरकारी भत्ता घेतल्याचं सांगत वसुलीच्या नोटिसा धाडल्या, आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाने त्या योजनेला क्रूर म्हटलं. आधी अधिकारी उत्पन्नाच्या नोंदींत विसंगती दिसली की माहिती मागवून स्वतः पडताळून पाहायचा. मी लाल चांदणी लावली, त्यांनी तो माणूस काढला. जातकुळी एकच, फरक फक्त किती घरं पोळली याचा.

खोडण्यापेक्षा शहाणपणाची गोष्ट म्हणजे मुळात कमी लिहिणं. डिजिटल कारभारासाठी युरोपातल्या एस्टोनियाचं कौतुक सगळेच करतात, जेमतेम तेरा-चौदा लाखांचा देश, त्यांना सोपं होतं असंही म्हणतात. पण २००१पासून त्यांनी जी व्यवस्था उभी केली तिच्या मुळाशी एक निर्बंध आहे : एका खात्याने नागरिकाची जी माहिती एकदा घेतली, तीच परत गोळा करायला दुसऱ्या खात्याने वेगळा साठा करायचा नाही. हे कायद्यात आहे. तिथे आमचा सतरावा रकाना जन्मालाच आला नसता. आधार क्रमांकाच्या आखणीतही मला हाच विचार दिसतो. २००९मध्ये नंदन निलेकणी खासगी कंपनीतून सरकारात आले. अशा वेळी प्रत्येक खात्याला आपला एक रकाना घुसवावासा वाटणं साहजिक आहे. सक्तीचे ठेवले ते नाव, जन्मतारीख किंवा वय, लिंग, पत्ता. जात नाही, धर्म नाही, आणि क्रमांकाच्या आकड्यांतही कसलीच माहिती दडवलेली नाही. त्या प्रकल्पावर टीका करायला जागा नाही असं नव्हे. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांना यंत्र ओळखेना तेव्हा रेशनसाठी रिकाम्या हाती परतावं लागलं, हा सल आहेच, आणि त्याचं उत्तर खिडकीवरच्या माणसाला स्वतःच्या अकलेने निर्णय घ्यायची मुभा देणं हेच होतं. पण तो चार रकान्यांचा अर्ज मला आजही चांगल्या कारागिरीचा नमुना वाटतो.

एस्टोनियाचीच आणखी एक आठवण सांगतो, कारण ती फारशी सांगितली जात नाही. २०१७मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्यांच्या ओळखपत्रांतल्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष आहे. साडेसात लाखांच्या आसपास कार्डं. सगळा देश ज्यावर चालतो तेच कार्ड, आणि महिन्याभरावर स्थानिक निवडणूक, तीही इंटरनेटवरून मतदान करता येणारी. तिथल्या सरकारने सप्टेंबरमध्ये स्वतःच लोकांसमोर येऊन हे सांगितलं, पंतप्रधान युरी रातास बोलले, तेव्हा दुरुस्ती अजून तयारही नव्हती. निवडणूक पार पडली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोष असलेल्या कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली आणि लोकांना ती घरबसल्या नवी करून घ्यायला लावली. मी कंत्राटदाराच्या बाजूला बसलेलो माणूस आहे. चूक सापडल्यावर पहिल्या तासात खोलीत काय चर्चा होते ते मला ठाऊक आहे. ‘आत्ता कुणाला सांगू नका’ या वाक्याने ती सुरू होते.

कंत्राटदारावरून आठवलं. आमच्या धंद्यात ग्राहकाला असं गुंतवून ठेवायचं की त्याला आपल्याशिवाय हलता येऊ नये, ही युक्ती मला वाटायचं अलीकडची आहे. मग अमेरिकी जनगणनेचा इतिहास वाचला. हर्मन होलेरिथ या तरुणाने जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून मोजणी करणारं यंत्र बनवलं आणि १८९०ची जनगणना त्यावर झाली. आधीच्या जनगणनेचे तक्ते करता करता दशक सरत आलं होतं, त्यामुळे हे यंत्र म्हणजे देवच भेटला. पुढे भाडं वाढलं, कटकटी झाल्या. तेव्हा जनगणना खात्याचे संचालक होते सायमन नॉर्थ. त्यांनी भाव मान्य करायला नकार दिला, १९०५मध्ये होलेरिथ आपली यंत्रं घेऊन गेला, आणि नॉर्थ यांनी सरळ खात्यातच कार्यशाळा थाटून स्वतःची यंत्रं बनवायला घेतली. १९१०ची जनगणना त्या यंत्रांवर झाली. होलेरिथच्या कंपनीतून पुढे आयबीएम झाली, म्हणून त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. नॉर्थ यांना कोण ओळखतं? मला मात्र तो करार समोर ठेवून शांतपणे ‘नको’ म्हणणारा अधिकारी दिसतो. आमच्या साहेबांना असा ग्राहक भेटला असता तर त्यांची झोप उडाली असती.

अशी माणसं टिकत नाहीत, ही तक्रार सगळीकडची. ब्रॅकन २०१५मध्ये बाहेर पडले. हेल्थकेअर डॉट गव्हच्या धड्यातून २०१४मध्ये अमेरिकेत दोन तुकड्या जन्माला आल्या. एकीचे पहिले प्रमुख डिकरसनच होते. तिचं २०२५च्या जानेवारीत नाव आणि काम दोन्ही बदललं. दुसरी, एटीनएफ नावाची, त्याच वर्षी मार्चच्या पहिल्या दिवशी बंद केली गेली. खर्च कमी करायचा म्हणून. कॅनडातल्या त्या बाराशे पदांची मला तेव्हा आठवण झाली. पुढे काय होईल ते बघायला मी काही भविष्यवेत्ता नाही.

आमच्या मॅडमचीही बदली झाली. रकाना निघून वर्षही झालं नव्हतं. निरोप समारंभात भाषणं झाली, त्यात ‘डिजिटल’ हा शब्द पुष्कळदा आला, सतराव्या रकान्याचं नाव कुणी काढलं नाही. समारंभ संपल्यावर अव्वल कारकून त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, “अर्ज क्रमांक चारचा रकाना नऊ राहिलाच की हो.”

“त्याचं काय आहे?”

“तोही कोणी वाचत नाही.”

मी पुढे ती नोकरी सोडली. त्या खात्याच्या अर्जाशी माझा संबंध संपला. परवा, इतक्या वर्षांनी, एका नातेवाईकासाठी तोच अर्ज भरायची वेळ आली. पानाचं रूप पार बदललं होतं, रंग नवे, फोनवर नीट दिसत होतं. भरत गेलो. सोळावा रकाना झाला आणि त्याच्या खाली होता अठरावा.

मग आठवलं. बाकीच्या शाखांच्या नोंदवह्यांत अठरा, एकोणीस, वीस असे क्रमांक घातलेले होते, ते सगळे बदलत बसायला नकोत म्हणून क्रमांक तसेच ठेवायचे असं मॅडमनीच सांगितलं होतं. मधली एक जागा रिकामी. माझ्या शेजारी बसलेल्या नातेवाईकाने विचारलं, “सतरा कुठे गेला रे? पान नीट उघडलं नाही का?”

“उघडलंय,” मी म्हटलं आणि अठराव्यात पत्ता लिहायला घेतला.